केशरी, मऊ, हलणारं

पुणेकरांनी तिला पहिल्याच आठवड्यात 'शेंग' म्हणायला सुरुवात केली, आणि कंपनीने मोठ्या हौसेने ठेवलेलं 'शलाका' हे नाव फक्त बॉनेटवर उरलं. नाव चपखल होतं, हे कंपनीलाही मुकाट्याने मान्य करावं लागलं. एक मीटर रुंद, पावणेतीन मीटर लांब, आणि आत दोन माणसं दाण्यांसारखी एकामागे एक. मागच्याला पुढच्याचं टक्कल दिसायचं, पुढच्याला मागच्याचा नुसता आवाज यायचा. त्यामुळे नवराबायकोची भांडणं निम्म्यावर आली असं काही जण म्हणायचे. दुपटीवर गेली असं बाकीचे.

पण यंत्र म्हणून शेंग अजब होती. इतकी अरुंद आणि उंच वस्तू खरं तर पहिल्याच वळणावर कलंडायला हवी. ती कलंडत नसे, कारण तिची सव्वातीनशे किलोची बॅटरी तळाशी चटईसारखी पसरलेली होती. गाडीचं निम्म्याहून जास्त वजन माणसाच्या घोट्याच्या उंचीवर, म्हणून तिचा गुरुत्वमध्य रस्त्याला चिकटून राही. चारही चाकांना आपापली मोटर. थांबल्या जागेवरून ताशी शंभरचा वेग चार सेकंदांत. शहरात एवढा दम कशाला हवा, असं सुरुवातीला लोक विचारत. तो हवा होता फट पकडायला. एका लेनमध्ये दोन शेंगा खांद्याला खांदा लावून धावत, मध्ये जेमतेम एक वीत अंतर ठेवून. आणि त्या रांगेत शिरायचं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत शिरावं लागे.

हे माणसाच्या हातचं काम नव्हे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला एक सेकंद लागतो, आणि सत्तरच्या वेगात तेवढ्यात गाडी वीस मीटर पुढे गेलेली असते. म्हणून मोठ्या रस्त्यांवर शेंग स्वतःच चाले. तिच्या पोटाभोवती गुडघ्याच्या उंचीवर एक काळा पट्टा होता. त्यात बारा कॅमेरे आणि रडार. हा पट्टा सेकंदाला पन्नास वेळा आजूबाजूला पाही आणि दिसेल त्या गोष्टीला नाव देई: माणूस, कुत्रं, सायकल, खड्डा, उडता कागद. एकदा नाव पडलं की पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं. माणूस म्हटलं की थांबायचं. कागद म्हटलं की जायचं.

या पट्ट्याला नावं शिकवणाऱ्या विभागात संघमित्रा ओव्हाळ होती. वय बत्तीस, कामात वाघीण, बोलायला कमी. डब्यात रोज दोन भाकऱ्या आणि कोरडी चटणी आणायची आणि खिडकीपाशी एकटीच खायची, म्हणून विभागातले लोक तिला जरा शिष्ट समजायचे.

गेल्या दसऱ्याला शेंगांनी कंपनीचं नाक कापलं होतं. सकाळी घरोघरी गाड्या धुतल्या गेल्या, हळदकुंकू लागलं, चाकाखाली लिंबं फुटली आणि प्रत्येक शेंगेला झेंडूचा हार पडला. हार कुठे पडला? बरोबर त्या काळ्या पट्ट्यावर. आतल्या कॅमेऱ्यांना अर्ध्या वितीवर काहीतरी केशरी लोंबकळताना दिसलं आणि शेंगांनी जागचं हलायला साफ नकार दिला. ज्या कशाबशा निघाल्या त्या रस्त्यात शेजारणीचा हार पाहून थबकल्या. अकरा हजार गाड्या सोनं लुटायच्या दिवशी रस्त्यात उभ्या. एका वर्तमानपत्राने 'शेंगांना झेंडूची ॲलर्जी' असा मथळा दिला आणि तो वर्षभर कंपनीच्या मानगुटीवर बसला.

“मित्रा, पुढच्या दसऱ्याला हे नको,” तिचे वरिष्ठ निरंजन देवस्थळी म्हणाले होते. “परदेशातल्या टीमने बर्फ शिकवला, धूळ शिकवली, चिखल शिकवला. हार त्यांच्या बापजन्मात त्यांना सुचणार नाही. ते आपलं काम आहे.”

संघमित्राने ते मनावर घेतलं. नऊ हजार हारांचे फोटो जमवले. ताजे, सुकलेले, वाऱ्यावर उडणारे, पावसात भिजलेले. आणि यंत्राला शिकवलं: बाजूला, दीड मीटरच्या आत, कमरेखाली, केशरी, मऊ, आपल्या जागी हलणारं जे काही असेल ते हार. त्याकडे दुर्लक्ष कर.

चाचण्याही तिने कसून घेतल्या. केशरी कपड्यातली माणसं उभी केली, चालवली, पळवली. छाटी घातलेला साधू झाला, भगवा टीशर्ट घातलेलं सायकलवरचं पोर झालं, झेंडे घेतलेले कार्यकर्ते झाले. बाराशे चाचण्या, आणि शेंग प्रत्येक वेळी थांबली. कारण ही सगळी माणसं ताठ होती. त्यांचं डोकं, खांदे, पाय पट्ट्याला स्वच्छ दिसत होते. कमरेत वाकलेलं माणूस यादीत नव्हतं. त्या मजल्यावर चाळीस जण होते, आणि वाकून काम करणारं माणूस त्यांतल्या एकीच्याच घरी होतं. यादी तिनेच केली होती.

संघमित्राची आई, विमल ओव्हाळ, अठ्ठावीस वर्षं रस्ते झाडत होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. कंपनीत पहिल्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं होतं, “आई काय करतात?” आणि संघमित्रा म्हणाली होती, “महापालिकेत आहे.” ऐकणाऱ्याने मनातल्या मनात एक टेबल आणि खुर्ची उभी केली, आणि तिने ती तशीच राहू दिली. तिला आईची लाज वाटत होती का? थोडी वाटत होती, हे सांगूनच टाकलेलं बरं. आणि त्या लाजेची त्याहून जास्त लाज वाटत होती.

घटस्थापनेच्या दिवशी नवा नियम शहरातल्या सगळ्या शेंगांमध्ये एका झटक्यात उतरला. देवस्थळींनी पेढे वाटले. मंजुरीच्या कागदावर सही संघमित्राची होती.

तिसऱ्या माळेला सकाळी पावणेसातला आईचा फोन आला. आई फोनवर कधी रडत नसे. आजही रडत नव्हती, फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“मित्रा, सोजर गेली गं. सोजर गेली.”

सोजर घोडके म्हणजे आईची जोडीदारीण. एकाच रस्त्याच्या दोन कडा दोघी वीस वर्षं झाडत आल्या होत्या. डावी कड सोजरची, उजवी विमलची, आणि हातगाडी पाळीपाळीने. संघमित्राला दहावीच्या परीक्षेला सोडायला आईला रजा मिळाली नव्हती, तेव्हा सोजरमावशी गेली होती. शाळेच्या फाटकाबाहेर तीन तास उन्हात बसून राहिली होती आणि पेपर कसा गेला ते न विचारता हातात उसाच्या रसाचा पेला दिला होता.

संघमित्रा वसाहतीत पोचली तेव्हा आई ओट्यावर बसली होती. अंगात अजून ते केशरी जाकीट होतं. वाहनांना लांबून दिसावं म्हणून सगळ्यांना दिलेलं, सैल, वाऱ्यावर फडफडणारं.

“मी समोरच्या कडंला व्हते,” आई सांगू लागली. “समदं बघितलं. सोजर फुटपाथवरच व्हती, बाळा. खाली उतरली न्हाई. वाकून गटारीच्या कडंचा पाला वडत व्हती. डोकं तेवढं रस्त्यावर झुकल्यालं. शेंग आली ती फुटपाथच्या कडंला घासून सरळ आली. हळू न्हाई झाली, बाजूला न्हाई झाली. जशी काय तिथं कुनी नव्हतंच.”

“तुला नक्की दिसलं? हळू झालीच नाही?”

“आगं, ती कुत्र्याला थांबती! मांजराला थांबती! मी रोज बघती. सोजरला न्हाई थांबली.” आईने जाकिटाची कड मुठीत धरली. “मी पोलिसांना सांगितलंय, आनि सरकारी चौकशी बसनार हाय, तितंबी सांगनार. कंपनीवाले म्हनत्यात, बाई रस्त्यात उतरली. मेलेल्या मान्साला खोटं पाडत्यात. मी जित्ती हाय तवर न्हाई पाडू देनार.”

संघमित्राच्या डोक्यात एक शंका येऊन बसली होती आणि ती शंका तिने आईच्या तोंडाकडे पाहत गिळली.

दुपारी ती ऑफिसात जाऊन त्या शेंगेची नोंद उघडून बसली. चित्रं नव्हती. ज्याकडे दुर्लक्ष करायचं त्याचं चित्र साठवायचं नाही, म्हणजे जागा वाचते, हाही तिच्याच विभागाचा निर्णय होता. पण एक ओळ होती. सहा वाजून सतरा मिनिटं. डावी बाजू, नव्वद सेंटिमीटर. नाव: हार. खात्री: सत्त्याण्णव टक्के. कृती: दुर्लक्ष.

वाकलेली बाई. कमरेइतकीच उंची. डोकं खाली, पाय जाकिटाच्या घेरामागे. झाडूच्या फटकाऱ्याबरोबर जागच्या जागी डोलणारं काहीतरी केशरी आणि मऊ. यंत्राने काहीही चूक केली नव्हती. शिकवलं होतं तसंच वागलं होतं.

संघमित्राने ती ओळ दोन कागदांवर छापून घेतली. लहानपणी पाच वाजता जाग आल्यावर खिडकीतून तिने आईला वाकलेलंच पाहिलं होतं, रोज, दहा वर्षं. जगात वाकलेलं माणूस असतं हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तिनेच ते यादीत घातलं नाही. मुद्दाम नव्हे. पण जी गोष्ट आठवायची नाही असं ठरवलं, ती कामाच्या वेळीही आठवली नाही.

ती एक कागद घेऊन देवस्थळींच्या खोलीत गेली. त्यांनी तो दोनदा वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

“हे आणखी कुणी पाहिलं?”

“नाही सर. आजच्या आज नियम मागे घ्यायला हवा. शहरात चारेकशे बायका हेच जाकीट घालून रोज सकाळी वाकतात.”

“सहा दिवसांवर खंडेनवमी आलीय, मित्रा. दसऱ्याला सहा हजार नव्या गाड्या लोकांच्या दारात जायच्यात. आज नियम काढला की दसऱ्याला सगळं शहर पुन्हा ठप्प, आणि पहिला प्रश्न येणार, का काढला?” ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्या कपाळावर खरोखर घाम आला होता. “दसरा होऊ दे. दुसऱ्या दिवशी गुपचूप काढू. तोपर्यंत बायका तशाही सावध राहतील, एवढं झाल्यावर.”

“आणि चौकशी?”

“चौकशीत आपण खोटं काहीच बोलायचं नाही. नोंदीत 'माणूस' असा शब्द आहे का? नाही. बस्स. गाडीला माणूस दिसला नाही, म्हणजे बाई अचानक रस्त्यात आली.” त्यांनी समोरची यादी पुढे ओढली. “एकच साक्षीदार आहे. जोडीदार बाई. पक्की आहे म्हणतात. विमल ओव्हाळ.” ते थांबले. “ओव्हाळ? तुझ्या नात्यातली नाही ना?”

उत्तर द्यायला संघमित्राला फार तर एक सेकंद लागला असेल.

“नाही सर. हे आडनाव आमच्यात बरंच असतं.”

“बरं झालं. आणि हे बघ, घाबरवत नाही, पण मंजुरीवर सही तुझी आहे. हे बाहेर आलं तर कंपनीला दंड होईल. तुला तुरुंग.”

त्या रात्रीपासून ती नीट जेवली नाही. दोन दिवस ती कामावर गेली, बैठकांना बसली, दसऱ्याच्या जाहिरातीतल्या हार घातलेल्या शेंगेचा फोटो चांगला आलाय असंही एकाला म्हणाली. आपण असं म्हणू शकतो याचं तिलाच भय वाटलं. नियम मागे घ्यायची किल्ली देवस्थळींकडे होती. तिच्याकडे फक्त नोंदीचा दुसरा कागद होता, आणि एक आई, जी चौकशीत खरं बोलणार होती आणि खोटी ठरणार होती. आई खोटी ठरली की नियम राहणार होता, आणि आई पुन्हा त्याच रस्त्यावर वाकणार होती.

सहाव्या माळेला संध्याकाळी ती वसाहतीत गेली. आई तांदूळ निवडत होती. संघमित्रा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. हार काय, नियम काय, सत्त्याण्णव टक्के काय, सही कुणाची. रडली नाही, रडलं तर आई आधी जवळ घेईल आणि मग ऐकेल, हे तिला माहीत होतं.

आईचे हात सुपात थांबले.

“म्हंजी सोजर तिला फुलं वाटली?”

“हो.”

“आनि ते तू शिकिवलंस.”

“हो, आई.”

आईने खडा काढला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. “मान्सं उभी करून बघितली म्हनलीस. वाकून न्हाई बघितलं कुनाला?”

“नाही.”

“मी घरात रोज वाकती, गं.” ती हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर संघमित्राला सोसलं असतं.

“उद्या चौकशीत मी सांगणार आहे,” संघमित्रा म्हणाली. “कागद देणार आहे. कंपनीने मला तज्ज्ञ म्हणून बसवलंय तिथे. मला जे होईल ते होऊ दे.”

“काय हुईल?”

“नोकरी जाईल. केस होईल. कदाचित तुरुंगही.”

आई उठली, तांदूळ पातेल्यात ओतून सूप खुंटीला अडकवलं, शेगडी पुसली, पुन्हा पुसली. मग पाठमोरीच म्हणाली, “उद्या आधी मला बोलू दे. माझी मैतरीन व्हती. पयला हक्क माझा. मग तुला काय बोलायचं ते बोल.”

संघमित्राला ते रास्त वाटलं. त्या रात्री तिला तीन रात्रींनंतर झोप लागली.

चौकशी एका सरकारी विश्रामगृहाच्या पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई, शेजारी टंकलेखक, एका बाजूला देवस्थळी आणि कंपनीचे वकील, त्यांच्या मागे संघमित्रा. पर्समध्ये चार घड्या घातलेला तो कागद. विमल ओव्हाळला आत बोलावलं तेव्हा ती धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. तिने मुलीकडे पाहिलं नाही. कुणालाच काही कळू नये म्हणून पाहत नसेल, असं संघमित्राला वाटलं.

“तुम्ही पोलिसांना सांगितलंत की सोजरबाई फुटपाथवर होत्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आम्हाला पुन्हा एकदा सांगा. घाबरू नका.”

“मी त्या दिशी जे बोलले ते डोकं ठिकाण्यावर नव्हतं म्हनून बोलले,” विमल म्हणाली. आवाज सपाट होता, पाठ केल्यासारखा. “सोजर खाली उतरली व्हती. रस्त्यात. मी वराडले, पर तिनं ऐकलं न्हाई. गाडीची चूक न्हाई.”

वकिलाचं पेन कागदावर थबकलं.

“विमलबाई, नीट विचार करून सांगा. तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?”

“आमच्यावर कोन कशाला दबाव आनंल? आमाला कोन ईचारतं?”

“म्हणजे फुटपाथवर नव्हत्या?”

“नव्हती.”

टंकलेखकाने छापून कागद पुढे केला. विमलने एकेक अक्षर दाबत सही केली, जशी ती पगाराच्या कागदावर करायची. देवस्थळींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. आईने आधी बोलायचा हक्क कशासाठी मागितला होता, ते आता संघमित्राला कळलं. आता मुलगी खरं बोलली असती तर आईने लिहून दिलेलं खोटं ठरलं असतं, आणि खोट्या साक्षीवर दीड वर्षाची नोकरी आणि अठ्ठावीस वर्षांची पेन्शन गेली असती. आईने स्वतःला मध्ये उभं करून लेकीचं तोंड बांधून टाकलं होतं.

“कंपनीच्या तज्ज्ञांना काही सांगायचंय?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

संघमित्रा उभी राहिली. पर्सच्या चेनवर बोटं होती. आई दारापाशी पोचली होती, आणि आता मात्र तिने वळून पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. चापटी मारायच्या आधी लहानपणी जी नजर असायची, ती होती.

“नाही,” संघमित्रा म्हणाली.

खाली आवारात आई एका बाकावर बसली होती. संघमित्रा तिच्याशेजारी जाऊन बसली. फाटकाबाहेरून शेंगा दोन-दोनच्या जोडीने चालल्या होत्या. आवाज असा नव्हताच, फक्त वारा कापल्याची एक सुर्रकन लकेर यायची.

“का केलंस असं?”

“तुला काय म्हायती न्हाई?”

“सोजरमावशीला खोटं पाडलंस. तूच म्हणाली होतीस, जिवंत आहे तोवर पाडू देणार नाही.”

“सोजर मेली.” आईचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “तिला आता कुनी कायबी म्हनलं तरी लागत न्हाई. तुला लागंल. मी तुला येवढी शिकवली ती आत बसवायला व्हय? तिची माफी मी मागंन. माझ्या पद्धतीनं मागंन. तू मधी पडू नको.”

समोरच्या टपरीवाल्याने दसऱ्यासाठी झेंडूचे ढीग मांडायला घेतले होते. आईने तिकडे पाहिलं आणि मान फिरवली.

“येक ईचारू?” ती थोड्या वेळाने म्हणाली. “उद्या कामावर जायचंय मला. जाकीट घालू का नको?”

“नको घालूस. मुकादमाने विचारलं तर सांग, धुवायला टाकलंय. आणि रस्त्याकडे डोकं करून वाकू नकोस.”

“बरं. न्हाई घालत.” आईने चपलेतून पाय काढून पुन्हा घातला. “पर आमी चारशे जनी हाय, मित्रा. सुरेखा हाय, ती गरवार हाय. त्या कोपऱ्यावरची शांता हाय, तिला कमी ऐकू येतं. त्यास्नी काय सांगू? तुमीबी घालू नका, माझी लेक म्हनती, असं सांगू?”

आईने उत्तराची वाट पाहिली नाही. तो प्रश्न तिला अडवायला विचारलेला नव्हता, पाठवायलाही नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, बायकांना काय सांगायचं ते.

“आई, मी आत्ता वर गेले तर तू खोटी ठरशील. तू सही केलीयस. पेन्शनसुद्धा जाईल.”

“म्हायतीय मला.”

“मग जाऊ का नको, सांग.”

आई तिच्याकडे पाहत राहिली. लेकीच्या कपाळावरची बट तिने बोटाने मागे सारली, पण सांगितलं काहीच नाही. नको म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती आणि जा म्हणायलाही. शेवटी तिने तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. संघमित्रा उठली. पायऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर आई हाक मारेल असं तिला वाटत होतं. मारली असती तर ती परत फिरली असती, याची तिला खात्री होती. हाक आली नाही.

वर चहा आला होता. देवस्थळी वकिलाशी हसून काहीतरी बोलत होते. तिच्या हातातला कागद दिसला तसं त्यांचं हसू ओठांवरच राहिलं.

“मित्रा, बाहेर ये जरा,” ते झटकन उठत म्हणाले. “बाहेर ये, आपण बोलू.”

ती त्यांना वळसा घालून टेबलापाशी गेली आणि तिने कागदाच्या चारही घड्या उलगडून तो अध्यक्षबाईंच्या समोर ठेवला.

“मॅडम, मला माझं म्हणणं बदलायचंय.”

अध्यक्षबाईंनी कप खाली ठेवला. कागदावरची ओळ वाचली. मग तिच्याकडे पाहिलं आणि टंकलेखकाला खूण केली. “नोंदीसाठी आधी पूर्ण नाव सांगा. मग बोला.”

“संघमित्रा विमल ओव्हाळ.” तिने दाराकडे बोट केलं. “मघाशी इथे बसून खोटं बोलून गेली ती माझी आई आहे. सोजरबाई फुटपाथवरच होत्या. त्यांना मारणारा नियम मी लिहिलाय, आणि तो आत्ता या क्षणी शहरातल्या प्रत्येक शेंगेत चालू आहे. उद्या सकाळी सहाला बायका रस्त्यावर येतील, त्याच्या आत तो बंद करा. बाकीचं मग विचारा.”

टंकलेखकाने विचारलं, कुठून सुरू करू. अध्यक्षबाई म्हणाल्या, पहिल्या वाक्यापासून. आणि विमल ओव्हाळने खोटी साक्ष दिली, हे वाक्य तिच्या मुलीच्या नावाखाली सर्वांत आधी टाइप झालं.